जेवणाचा मान आणि सात तारीख

सणाच्या आधी तुमच्या कंपनीत पगार देतात का, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुणाच्या सणाच्या? दिवाळी असेल तर देतात. हसत देतात, वर सोनपापडीचा पुडा देतात आणि गेटवर उभं राहून हात जोडतात. नाताळ असेल तर बसा पुढच्या महिन्याच्या सात तारखेची वाट बघत.

हा विषय निघाला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. लोक म्हणतात, जाऊ द्या ना ताई, आठ-पंधरा दिवस इकडं-तिकडं, एवढं काय त्यात. ज्यांच्या खात्यात महिनाअखेरीलाही काहीतरी शिल्लक असतं, ते असं म्हणतात. आणि एक गोष्ट मला अजून कुणी समजावून सांगितलेली नाही. आधी पगार देणं म्हणजे काय कुणी खिरापत वाटतं का? काम आम्ही करून बसलेलो असतो. आमच्याच घामाचे पैसे चार दिवस आधी मागितले तर यांना असं वाटतं की आम्ही त्यांच्या घरातली भांडी उचलून न्यायला आलोय.

कंपनी चितेगावला, पैठण रोडवर. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं होतात तिथं. मी पॅकिंगला आहे. सकाळी शहरातल्या छावणी भागातून निघायचं, चौकात कंपनीची बस पकडायची, दिवसभर उभं राहून झाकणं निवडायची, कच्ची बाजूला काढायची, चांगली खोक्यात भरायची. घरात आई आणि मी, दोघीच. नवरा नाही, तो विषय वेगळा आहे आणि त्यावर बोलायला मला वेळ नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझ्या पणजोबांपासून. नाव-आडनाव गावातल्या चार लोकांसारखंच, त्यामुळं कंपनीत बऱ्याच जणींना कितीतरी दिवस पत्ताच नव्हता. डिसेंबरात मी डब्यातून करंज्या नेल्या की विचारायच्या, दिवाळी एवढी उशिरा केली का? माझ्या शेजारी उभी राहणारी आपा तेवढी ओळखून होती. ती किराडपुऱ्याची. तिच्या ईदला मी तिच्या घरचा शीरखुर्मा खायचा आणि माझ्या नाताळला तिनं माझ्या करंज्या, असं आमचं चालायचं. ईदला आपाचाही पगार कधी आधी झाला नाही. जयंतीला निळे झेंडे लावणाऱ्या मोल्डिंगच्या पोरांचाही नाही. त्यांनी मागायचं सोडून दिलं होतं. मी मागितला, कारण मला गरज पडली.

गरज कशाची, ते सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या देवळाच्या, चर्चच्या लोकांत, नाताळच्या उपासनेनंतर सगळे एका पंगतीला जेवतात. प्रीतिभोजन म्हणतात त्याला. दुसरीकडं आता वर्गणी काढतात, केटरर लावतात. आमच्याकडं जुनी रीत आहे. दरवर्षी एक घर सगळ्यांना जेवू घालतं, मटण आणि भात. घरं पुष्कळ, त्यामुळं एकदा मान येऊन गेला की परत यायला पिढी जाते. झेपत नसेल तर नाही म्हणायचं, मान पुढच्या घराला जातो, कुणी नावं ठेवत नाही. फक्त एक अट आहे. पंगतीचं जेवण उसनवारीच्या पैशातून करायचं नाही. आपल्या कष्टाचं असेल तरच वाढायचं.

आमच्या घराकडं मागच्या खेपेला मान आला तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. बाप गवंडी होता. त्या जेवणाची गोष्ट आई अजून सांगते, मटण कुठून आणलं, भात कुणी उपसला, कोण किती वेळा मागून जेवलं. बाप गेल्यावर ती दरवर्षी दुसऱ्यांच्या पंगतीत जेवली आणि दरवर्षी घरी येऊन म्हणाली, आपला नंबर येईल तवा बघा. माझी आई साडी मागत नाही, दागिना मागत नाही, तीर्थाला न्या म्हणत नाही. तिला एकदा लोकांना पोटभर जेवू घालायचं होतं. बास, एवढंच.

तर त्या वर्षी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, घरी आले आणि म्हणाले, मावशी, यंदा तुमचं घर. आईनं माझ्याकडं बघितलं. पावसाळ्यात छत गळायला लागलं म्हणून साठवलेलं सगळं पत्र्यावर गेलं होतं. पण मी मनातल्या मनात हिशेब मांडला. डिसेंबरचा पगार नाताळाआधी हातात पडला तर जेवण होतं. दिवाळीला देतात, तर नाताळलाही देतील. मागून बघायला काय जातंय? मी मान हलवली. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

मी ऑफिसात गेले. पगाराचं बघणारे साहेब तरुण आहेत, बोलायला गोड. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग म्हणाले की आधी पगार वर्षातून एकदाच मिळतो, आणि तुम्ही तो दिवाळीला घेतलाय. मी म्हटलं, साहेब, दिवाळीला मी मागितला नव्हता, सगळ्यांच्या खात्यात पडला तसा माझ्याही पडला. ते म्हणाले, हो, पण घेतला ना? परत तर केला नाही.

आता खात्यात पडलेला पगार कोण परत करतं? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी राग गिळून उठले, कारण आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता. म्हटलं, यांच्याशी भांडून काय मिळणार, मालकांनाच भेटावं.

मालक भेटले, पण कसे? नाताळच्या आदल्या दिवशी कंपनीत केक कापायचा कार्यक्रम होता. रिसेप्शनमध्ये प्लास्टिकचं झाड, त्याला बर्फ म्हणून दवाखान्यातला कापूस. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला लाल टोपी आणि कापसाची दाढी लावून उभं केलेलं. तो बिचारा फर्दापूरकडचा, बौद्ध माणूस, त्याला दाढीनं खाज सुटली होती आणि खाजवायची चोरी. मला बोलावणं आलं की पुढं या. आपली ख्रिश्चन बाई म्हणून. माझ्याही डोक्यावर एक टोपी चढवली. फोटो काढायला एक जण मोबाइल धरून तयार. मालक मोठ्या प्रेमानं म्हणाले, "सांगा, सांताक्लॉजकडं काय मागणार?"

मी म्हटलं, "पगार."

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, बाईनं विनोद केला. मी म्हटलं, मी हसायला सांगत नाहीये, उद्या नाताळ आहे, दिवाळीला देता तसा आमचा पगार आधी द्या. मालकांनी पगारवाल्या साहेबांकडं बघितलं. साहेब हळूच म्हणाले, यांनी दिवाळीला घेतलाय. तेव्हा मालक परत हसले आणि म्हणाले, असं कसं ताई, दोन-दोन सण करता होय? परत सगळे हसले. आपा हसली नाही. ती माझ्याकडं बघत उभी होती.

माझा तोल गेला. मी टोपी काढली आणि म्हटलं, "पुढच्या दिवाळीला मला आधी देऊ नका. नाताळला द्या. माझा सण तो आहे."

मालक म्हणाले, बरोबर आहे, ताईंचं लक्षात ठेवा. साहेबांनी मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. केक वाटला. मी माझा तुकडा वॉचमनला दिला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पाळकसाहेबांकडं जाऊन मान परत करून आली. ऐनवेळी परत केला, तरी पाळकसाहेब भला माणूस, त्यांनी पुढच्या घराशी बोलून अदलाबदल केली. यंदा त्यांनी घालायचं, पुढच्या वर्षी आम्ही. त्या नाताळला आई दुसऱ्यांच्या पंगतीत जेवली आणि घरी येऊन म्हणाली, भात जरा फडफडीत झाला व्हता.

पुढचं वर्ष मी त्या एका भरवशावर काढलं. चार पैसे बाजूला टाकत गेले, ते आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला लागले. आई म्हणाली, राहू दे, डोळा नसला तरी चालंल, जेवण घालू. मी रागावले. डोळा नसला तर पंगत कशी बघशील? आणि मला काळजी नव्हतीच. मालकांनी चारचौघांत सांगितलं होतं, लक्षात ठेवा.

लक्षात ठेवलं त्यांनी. दिवाळीच्या आधी एका दुपारी लाइनवर सगळ्यांचे मोबाइल वाजायला लागले. एकीचा वाजला, दुसरीचा वाजला, बायका हात पुसून पगाराचा मेसेज वाचायला लागल्या. माझा वाजला नाही. आपानं विचारलं, "तेरा नै आया?" मी म्हटलं, नाही येणार, माझा नाताळला येणार. आणि खरं सांगते, मला त्या न आलेल्या मेसेजचा आनंद झाला. म्हटलं, बोललेलं पाळतात की. तोपर्यंत मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते त्याचं मलाच वाईट वाटलं. आपा मात्र म्हणाली, देख ले बाई, पूछ ले एक बार. मी तिलाच खुळ्यात काढलं.

घरी आईला सांगितलं की यंदा नक्की. ती कामाला लागली. नवा डोळा घेऊन छावणीच्या बाजारात मिरच्या निवडायला स्वतः गेली. धने, खोबरं, दगडफूल सगळं बघून, हुंगून घेतलं. पत्र्यावर वाळवलं, भाजलं, कांडपावर नेऊन कुटून आणलं. आमच्या गल्लीत दोन दिवस येणारा-जाणारा शिंकत होता. आपाच्या दिराचा भटारखाना आहे, त्यानं मोठी डेग द्यायचं कबूल केलं, भाडं नको म्हणाला. आई भेटेल त्याला सांगायची, यंदा आमच्याकडं जेवण हाय. लोक म्हणायचे, माहीत आहे मावशी, मागच्या वर्षीच सांगितलंत.

नाताळ तोंडावर आला तरी मेसेज नाही. मी ऑफिसात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग म्हणाले, डिसेंबरमध्ये आधी पगार द्यायची पद्धतच नाही. मी म्हटलं, मागच्या वर्षी तुमच्यासमोर ठरलं होतं. ते म्हणाले, तुम्ही दिवाळीला देऊ नका म्हणालात, आम्ही दिला नाही. तुमचं ऐकलंच ना? नाताळला देऊ असं सर कुठं म्हणाले होते?

मी खुर्ची मागं सारून उभी राहिले. मग म्हटलं, साहेब, दिवाळीला सगळ्यांच्या यादीतून एकट्या माझं नाव बाहेर काढता आलं तुम्हाला. मग आता एकटं माझं नाव आत घालता येत नाही?

"नाव काढणं सोपं असतं हो," ते म्हणाले. "एका माणसासाठी वेगळा पगार करणं अवघड असतं. बँकेचं असतं, वरची सही असते."

त्यांनी हे इतक्या सरळपणानं सांगितलं की त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नसणार. म्हटलं, मग मालकांना फोन लावा. साहेब म्हणाले, सर सुट्टीवर आहेत, गोव्याला. कशासाठी, तर ख्रिसमससाठी. म्हणजे सण माझा, आणि तो साजरा करायला मालक गोव्याला, आणि मी इथं पगारासाठी साहेबांच्या टेबलासमोर हात बांधून उभी. मी तिथं जे बोलले ते छापण्यासारखं नाही. आवाज बाहेर मशीनपर्यंत गेला. साहेब घाबरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, ताई, सणाच्या दिवसांत असं बोलू नये.

त्या वर्षीही केक कापला. वॉचमनला परत दाढी लावली. मला बोलवायला माणूस आला, मी म्हटलं, जा, मला झाकणं मोजायचीत. आपा लाइनवरून हलली नाही. ती म्हणाली, "पैसे मैं देती, ले जा. बाद में देख लेंगे." तिच्याकडं कुठले पैसे, तिच्या घरी सहा तोंडं. आणि असते तरी मला घेता आले नसते. उसनवारीचं जेवण चालत नाही, आणि आई ते आपाच्या प्रेमासाठीही चालवणार नव्हती.

संध्याकाळी आईला सांगितलं तेव्हा ती मसाल्याच्या बरणीला फडकं बांधत होती. मी म्हटलं, आई, परत देऊन येऊ का मान? ती म्हणाली, "दुसऱ्यांदा नाय द्यायचा. मी तोंड कसं दाखवू?" मग घरात काय काय आहे ते बघायला लागली. पंगतीसाठी भरून ठेवलेला तांदूळ होता. वर्षाची भरलेली तुरीची डाळ होती. वांगी स्वस्त होती त्या आठवड्यात.

नाताळच्या दिवशी देवळाच्या आवारात आपाच्या दिराची डेग चढली, आणि आईनं तिच्यात डाळ शिजवली. मटणाचा मसाला डाळीत घातला. वास असा सुटला की उपासना चालू असताना पोरं खिडकीकडं माना वळवून बघत होती. मागच्या बाकावर दोन बाप्ये मटणाच्या गोष्टी करत होते, मला ऐकू येत होतं. आई माझ्या शेजारी नव्या साडीत ताठ बसली होती. साडी नवी म्हणजे चार वर्षांपूर्वीची, घडी मोडलेली नव्हती.

पंगत बसली. पानावर भात पडला, वांगं पडलं, आणि मग डाळ. लोकांनी डाळीकडं बघितलं, मग डेगेकडं बघितलं. ते बघणं मला सहन होईना. मी ओरडून सांगणार होते की हे माझ्या आईचं नाही, हे चितेगावच्या त्या गोड बोलणाऱ्या माणसांचं आहे. तेवढ्यात आई पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "यंदा साधं जेवण हाय. मटणाचे पैसे आम्ही गरिबांना द्यायचे ठरवले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब उठले, आईच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, असा नाताळ या देवळात कधी झाला नव्हता. ज्या बायका मघाशी वांग्याकडं नुसत्या बघत होत्या त्यांनी डाळ दोनदा मागून घेतली. आई खाली मान घालून वाढत राहिली.

माझी आई खोटं बोलत नाही. बाप पिऊन यायचा तेव्हाही शेजाऱ्यांनी विचारलं तर ती खरं सांगायची. त्या बाईला या कंपनीवाल्यांनी देवळात, येशूच्या जन्माच्या दिवशी, सगळ्या मंडळीसमोर खोटं बोलायला लावलं. पगार उशिरा दिला त्याचं मला फार वाटलं नसतं, खोटं सांगत नाही. पण हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी आल्यावर आई जेवली नाही. मी म्हटलं, चांगलं बोललीस, सगळे खूश झाले. ती म्हणाली, गप बस. नंतर रोज संध्याकाळी विचारायची, पगार झाला का? मला वाटायचं, दूधवाल्याची घाई असेल.

सात तारखेला लाइनवर सगळ्यांचे मोबाइल वाजले. माझाही वाजला. घरी गेले तर आई दारात उभी. म्हणाली, मटणाला किती लागले असते? मी म्हटलं, आता कशाला ते? ती म्हणाली, "पंगतीत सांगितलंय मी, तेवढे काढ. देवळातल्या पेटीत टाकून ये. माझा शब्द खरा कर."

मी भांडले. म्हटलं, गरीब आपणच आहोत, आपल्यालाच देते, झालं तुझं खरं. म्हटलं, दूधवाल्याचे कुठून देऊ, तुझी थेंबाची औषधं कुठून आणू? ती ऐकेना. नवा डोळा माझ्यावर रोखून नुसती उभी राहिली. शेवटी पैसे काढले आणि देवळात गेले. आत कुणी नव्हतं. पेटीवर लिहिलेलं होतं, गरिबांसाठी. ज्या पैशांनी माझ्या आईची पंगत झाली असती ते पैसे मी घडी करून त्या फटीत सारले. सारताना माझ्या तोंडातून शिवी निघाली, चांगली मोठ्यानं, वेदीसमोर. तिची माफी मी देवाकडं अजून मागितलेली नाही. आधी ते चितेगाववाले मागतील, मग मी बघेन.